नेमणूक नसलेलं काम

१९७७च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या न्याय खात्यापुढे एक प्रश्न आला. नवे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना मानसिक आरोग्यावर एक आयोग नेमायचा होता आणि त्याचं अध्यक्षपद पत्नीला, रोझलिन यांना द्यायचं होतं. खात्यातल्या वकिलांनी कायद्यावर बोट ठेवलं. जॉन केनेडी यांनी सख्ख्या भावाला ॲटर्नी जनरल केलं होतं, तेव्हा बराच गदारोळ उठला होता. पुढे १९६७ साली काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला की सरकारी अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या पदावर नातेवाइकाला नेमायचं नाही. बायको हीसुद्धा नातेवाईकच. मग मधला मार्ग निघाला. आयोगाचे अध्यक्ष झाले डॉ. थॉमस ब्रायंट आणि रोझलिन कार्टर झाल्या मानद अध्यक्ष. या पदाला पगार नव्हता, मताचा अधिकार नव्हता, कुठल्या कागदावर त्यांची सही चालणार नव्हती. पुढचं वर्षभर आयोगाच्या जाहीर सुनावण्यांना त्या हजर राहिल्या, टिपणं काढली, प्रश्न विचारले आणि १९७८च्या एप्रिलमध्ये आयोगाने ११७ शिफारशींचा अहवाल राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीबद्दल एक अक्षरही नाही. तिला कुणी निवडून देत नाही, तिची कुणी छाननी करत नाही आणि तिला कुणी काढूनही टाकू शकत नाही. तरी तिने काय नेसावं, काय बोलावं, मुलांना कुठल्या शाळेत घालावं यावर साऱ्या देशाचं मत असतं. एका बाजूला असं पूर्ण रिकामं पद आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या सर्वांत सत्तावान माणसाशी रोजचा संसार. या जागी बसलेल्या बाईने करायचं काय?

या प्रश्नाला वेगवेगळ्या बायकांनी वेगवेगळी उत्तरं दिली. १९१९च्या ऑक्टोबरमध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांच्या पत्नी एडिथ यांनी दार लावून घेतलं. कोणता कागद राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाईल, कोण भेटेल, हे त्या ठरवू लागल्या आणि नवरा किती आजारी आहे हे देशाला कळू दिलं नाही. एलिनॉर रूझवेल्ट यांनी उलट टोक गाठलं: रोजचा वृत्तपत्रीय स्तंभ, दौरे, भाषणं. १९४१ साली त्यांनी नागरी संरक्षण कार्यालयात बिनपगारी पदही घेतलं, पण टीका इतकी झाली की काही महिन्यांतच ते सोडावं लागलं. रोझलिन कार्टर यांचं उत्तर मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. जे करायचं ते उघड करायचं, नोंद ठेवून करायचं आणि त्याबद्दल प्रश्न आले तर समोर बसून उत्तरं द्यायची. त्यांच्याकडे ही रीत आली कुठून, हे बघायचं तर वॉशिंग्टनपासून बरंच दूर, भुईमुगाच्या शिवारात जावं लागतं.

*

जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्येला प्लेन्स नावाचं गाव आहे. लाल माती, भुईमूग, कापूस, रेल्वेचं एक लहानसं स्टेशन. वस्ती तेव्हाही सहाशेच्या आसपास होती, आजही तेवढीच आहे. १८ ऑगस्ट १९२७ रोजी रोझलिन स्मिथ इथे जन्मली. बाळंतपणाला शेजारच्या नर्स लिलियन कार्टर होत्या. त्यांनी आपल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला बाळ दाखवायला आणलं. तो मुलगा म्हणजे जिमी.

रोझलिनचे वडील मोटारमेकॅनिक. ती तेरा वर्षांची असताना ते ल्युकेमियाने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांची शुश्रूषा करायला पुन्हा लिलियनच येत. वर्षभराच्या आत आजी गेली आणि आजोबा लेकीकडे राहायला आले. चार मुलं, म्हातारे वडील आणि हाताशी पैसा नाही, असा संसार रोझलिनच्या आईने शिवणकामावर ओढला. पुढे तिने पोस्टात नोकरी धरली. चौघांत थोरली रोझलिन. कपडे बेतायला, धाकट्यांना सांभाळायला, आजारी माणसाचं उशा-पायथ्याचं करायला ती त्या वयात शिकली. आजारी माणसाच्या घरातला खरा भार कुणाच्या पाठीवर असतो, हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

वडिलांनी मरताना तिच्याकडून एक वचन घेतलं होतं: कॉलेजात शिकायचं. म्हणून १९४६च्या सुरुवातीला नौदल अकादमीत शिकणाऱ्या जिमीने लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने नाही म्हटलं. शिक्षण पुरं होत आलं तेव्हा मग होकार दिला आणि ७ जुलै १९४६ रोजी प्लेन्सच्या मेथडिस्ट चर्चमध्ये लग्न झालं.

नौदलातल्या माणसाची बायको म्हणजे अर्धं वर्ष एकटीचा संसार. नवरा समुद्रावर, बदल्या व्हर्जिनियाला, हवाईला, कनेक्टिकटला. तीन मुलगे तीन वेगवेगळ्या ठिकाणी जन्मले. भाडं, बिलं, दुखणीखुपणी सगळं तिच्या अंगावर होतं आणि तिला ते आवडत होतं. १९५३ साली सासरे कर्करोगाने गेले. वखार आणि शेती सांभाळायला परत जायचं, असं जिमीने एकट्याने ठरवून टाकलं. रोझलिनने रडून, ओरडून विरोध केला. गावाकडे परततानाच्या त्या लांबच्या प्रवासात ती नवऱ्याशी बोलली नाही; काही सांगायचंच झालं तर थोरल्या मुलामार्फत सांगे. ही गोष्ट पुढे दोघांनीही मोकळेपणाने सांगितली. त्यांच्या संसारातला तो एकतर्फी निर्णय दोघांच्याही चांगलाच लक्षात राहिला.

परत आले त्याच्या पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. वखारीला वर्षाचा नफा झाला दोनशे डॉलरांच्या आत. काही काळ कुटुंब सरकारी घरात राहिलं. माणूस ठेवायला पैसे नव्हते, म्हणून रोझलिन फोन घ्यायला वखारीत जाऊ लागली. मग एका ओळखीच्या शिक्षकाकडून हिशेबाची पुस्तकं आणली आणि खतावणी लिहायला घेतली. बियाणं कुणी नेलं, खताची उधारी कुणाकडे किती, कुठला धंदा फायद्यात आणि कुठला नुसता चालू ठेवलाय, हे तिला आकड्यांतून दिसू लागलं. काही वर्षांत अशी वेळ आली की अमुक एक काम चालू ठेवावं की बंद करावं, हे जिमी तिला विचारू लागला. राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून रोझलिन यांनी जे जे केलं, त्याची मुळं मला या वखारीच्या टेबलापाशी दिसतात. नवऱ्याचा त्यांच्यावर विश्वास होता तो प्रेमाचा तर होताच. पण त्यात हिशेब बरोबर ठेवणाऱ्या भागीदारावरच्या विश्वासाचा मोठा वाटा होता.

त्या काळातल्या दक्षिणेत धंदा करायचा तर वर्णद्वेषाशी जुळवून घेणं सोयीचं होतं. गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल'मध्ये सामील व्हायला जिमीने नकार दिला, तेव्हा वखारीवर बहिष्कार घालण्याचा प्रयत्न झाला. १९६५ साली गावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना येऊ द्यावं का, यावर मतदान झालं. बाजूने मत दिलं ते कार्टर कुटुंबाने आणि आणखी एका व्यक्तीने.

या कुटुंबात सासूबाईंचाही दरारा मोठा. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, लिलियन कार्टर पीस कोअरच्या स्वयंसेविका होऊन आपल्या मुंबईत आल्या आणि विक्रोळीला गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात पावणेदोन वर्षं राबल्या. कुटुंब नियोजनाचं काम, रुग्णांची सेवा, त्यांत कुष्ठरोगीही होते. फेब्रुवारी १९७७मध्ये आपले राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं, तेव्हा अंत्यविधीला अमेरिकेतर्फे आल्या त्या याच लिलियन. नर्स सासू आणि हिशेबनीस सून. दोघींमध्ये ताण नव्हता असं नाही, पण दुखणं झाकायचं नसतं ही शिकवण त्या घरात होती.

*

१९६६ साली जिमी कार्टर गव्हर्नरपदाला पहिल्यांदा उभे राहिले आणि हरले. त्या हरलेल्या निवडणुकीतली एक पहाट रोझलिन यांनी आयुष्यभर सांगितली. अटलांटात एका कापडगिरणीच्या दाराशी, पहाटे साडेचारला, पाळी सुटायची वाट पाहत त्या पत्रकं घेऊन उभ्या होत्या. एक थकलेली बाई बाहेर आली. केसांना, स्वेटरला कापसाचे तंतू चिकटलेले. आता घरी जाऊन झोपणार ना, असं रोझलिन यांनी विचारलं. बाई म्हणाली, थोडी झोप मिळाली तर मिळाली. घरी मुलगी मानसिक आजारी आहे, नवऱ्याच्या पगारात तिचा खर्च भागत नाही, म्हणून मी रात्रपाळी करते. दिवसा मी तिच्यापाशी, रात्री तो.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याच शहरात जिमी यांची सभा होती. रोझलिन तिथे गेल्या, हस्तांदोलनाच्या रांगेत मागे उभ्या राहिल्या आणि आपली पाळी आली तेव्हा नवऱ्याला विचारलं, गव्हर्नर झालात तर राज्यातल्या मानसिक रुग्णांसाठी काय करणार? समोर कोण आहे हे लक्षात यायच्या आधीच त्याने हात पुढे केला होता. म्हणाला, देशातली सर्वांत चांगली व्यवस्था करू आणि ती तुझ्याकडे सोपवू.

ती बाई एकटी नव्हती. प्रचारात जागोजागी माणसं रोझलिन यांना बाजूला घेत आणि हळू आवाजात हेच विचारत. जॉर्जियात मिलेजव्हिल इथे एक अवाढव्य सरकारी मनोरुग्णालय होतं. साठच्या दशकात तिथे बारा हजारांच्या आसपास रुग्ण कोंबलेले होते. एकदा माणूस तिथे गेला की घरचे त्याचं नाव काढत नसत. १९७१ साली जिमी गव्हर्नर झाल्यावर राज्याने सुधारणा आयोग नेमला, त्यात रोझलिन होत्या. नुसत्या बैठका करून त्यांचं समाधान झालं नाही. अटलांटाच्या प्रादेशिक रुग्णालयात त्या आठवड्यातला एक दिवस स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. वृद्धांच्या वॉर्डात, मुलांच्या वॉर्डात, व्यसनमुक्तीच्या विभागात. रुग्णांना एका प्रचंड इमारतीत डांबण्याऐवजी त्यांच्या गावाजवळ उपचार केंद्रं काढावीत, हा विचार तिथून पक्का झाला.

गव्हर्नरच्या बंगल्यावर तेव्हा तुरुंगातले कैदी कामाला पाठवत. त्यांत मेरी फिट्झपॅट्रिक नावाची एक तरुण कृष्णवर्णीय बाई होती, खुनाच्या आरोपात जन्मठेप झालेली. कार्टरांच्या धाकट्या मुलीला, एमीला, सांभाळायचं काम तिला मिळालं. तिच्याशी बोलताना, तिचं प्रकरण समजून घेताना रोझलिन यांची खात्री पटली की ही निर्दोष आहे, तिचा बचाव धड झालेलाच नाही. कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी तिला व्हाइट हाउसमध्ये नेता यावं म्हणून तात्पुरती सुटका मिळवली. पुढे तिला पूर्ण माफी मिळाली. देशभर कुजबुज झाली. रोझलिन बधल्या नाहीत.

*

२० जानेवारी १९७७. शपथविधी झाल्यावर नवे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची पत्नी मोटारीतून उतरून पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरून चालत व्हाइट हाउसकडे निघाले. रात्रीच्या नृत्य समारंभाला रोझलिन यांनी निळा पोशाख घातला, तोच, जो सहा वर्षांपूर्वी अटलांटात घातला होता. वॉशिंग्टनच्या फॅशन जगताला ते रुचलं नाही. त्यानंतर कळलं की मेजवान्यांत कडक मद्य मिळणार नाही. मग कळलं की एमी सरकारी शाळेत जाणार. बातम्यांना एवढं पुरेसं होतं.

ज्या कामासाठी त्या आल्या होत्या त्याला मात्र बातम्यांत जागा मिळेना. मानसिक आरोग्य आयोगाची घोषणा झाली, सुरुवातीच्या बैठकीला पत्रकार आले आणि मग पांगले. मद्यबंदीवर रकाने भरत होते आणि देशातल्या लाखो घरांना ग्रासणाऱ्या दुखण्यावर चार ओळी मिळत नव्हत्या. रोझलिन यांनी ही खंत आत्मचरित्रात नोंदवली आहे. आपल्याकडेही हा विषय दिवाळी अंकांपर्यंत पोचायला किती वर्षं लागली, ते आठवलं की ती खंत मला अगदी जवळची वाटते. तिचं पुढे त्यांनी काय केलं, ते येईलच.

व्हाइट हाउसच्या पूर्व भागात, ईस्ट विंगमध्ये, स्वतःचं कार्यालय थाटून तिथे रोज कामाला जाणाऱ्या त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षपत्नी. हातात ब्रीफकेस. आठवड्यातून एकदा राष्ट्राध्यक्षांबरोबर दुपारचं जेवण, कामाच्या विषयांची यादी समोर ठेवून. घरी आल्यावर त्या सतत सरकारच्या निर्णयांबद्दल विचारत राहायच्या, तेव्हा जिमी म्हणाले, बैठकीलाच येऊन बस. म्हणून त्या मंत्रिमंडळाच्या बैठकांना जाऊ लागल्या. दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, टिपणं काढायच्या, बोलायच्या नाहीत. तरीही ओरड झाली.

ही ओरड वाऱ्यावर सोडून देण्यासारखी नाही. लोकशाहीत जो मत घेऊन आला नाही, त्याने सत्तेच्या खोलीत बसावं का, हा प्रश्न रास्त आहे. मंत्री चुकला तर त्याला घालवता येतं. बायको चुकली तर? मला वाटतं, याचं खरं उत्तर तिला खोलीबाहेर ठेवण्यात नाही, कारण ती बाहेर राहतच नाही. संध्याकाळी घरी ती असतेच आणि तिचं मत तिथेही असतंच. एडिथ विल्सन यांची सत्ता कुणाला दिसत नव्हती, म्हणून ती कुणाला अडवता आली नाही. रोझलिन दाराजवळच्या खुर्चीत सर्वांना दिसत होत्या, म्हणून त्यांच्यावर टीका करता आली. सत्तेजवळच्या माणसाने टीकेच्या टप्प्यात राहणं, यातच लोकशाहीची सोय आहे.

२ नोव्हेंबर १९७८ रोजी जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या एका कायद्यावर सही केली. राष्ट्राध्यक्षाचा जोडीदार त्याला त्याच्या कामात मदत करत असेल, तर त्या जोडीदाराला सरकारी कर्मचाऱ्यांचं साह्य देता येईल, अशी तरतूद त्यात होती. शतकानुशतकं फुकट आणि गृहीत धरलेलं काम पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आलं. १९९३ साली हिलरी क्लिंटन यांच्या आरोग्य समितीचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा अपील न्यायालयाने याच तरतुदीचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षपत्नीला सरकारी कामकाजाचा भाग मानलं. रोझलिन यांनी जिथे कार्यालय थाटलं ती ईस्ट विंग २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पाडण्यात आली, तिथे नृत्यगृह बांधण्यासाठी. कायदा मात्र शिल्लक आहे.

नवऱ्याचं सगळंच त्यांना पटत होतं असं नाही. राजकारणाची नाडी त्यांना जिमीपेक्षा चांगली कळायची. पनामा कालव्याचे करार दुसऱ्या कारकिर्दीपर्यंत पुढे ढकला, आत्ता मतं जातील, असं त्या सांगत. जिमी ऐकत नसत; योग्य ते आजच करायचं, असा त्यांचा हट्ट. १९८०ची निवडणूक आठवली की वाटतं, त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. १९७८च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिडला इजिप्त-इस्रायल वाटाघाटी तेरा दिवस चालल्या, तेव्हा दोनशेच्या जवळपास पानं भरतील इतकी टिपणं रोझलिन यांनी काढली. खतावणीची सवय गेली नव्हती.

*

१९७७च्या ३० मे रोजी त्या लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या. जमैका, कोस्टारिका, इक्वेडोर, पेरू, ब्राझील, कोलंबिया, व्हेनेझुएला. सात देश, दोन आठवडे. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचा परदेश दौरा म्हणजे अनाथाश्रम, प्रदर्शन, मेजवानी, अशी रीत होती. रोझलिन निघाल्या त्या शासनप्रमुखांशी बोलायला, आणि बोलायचं होतं मानवी हक्कांवर, शस्त्रखरेदीवर, अण्वस्त्रप्रसारावर. निघण्यापूर्वी परराष्ट्र खात्यातल्या आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतल्या तज्ज्ञांसमोर बसून त्यांनी एकेका देशाचा अभ्यास केला. स्पॅनिशची शिकवणीही चालू ठेवली.

पेरूत, इक्वेडोरमध्ये, ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवटी होत्या. गणवेशातल्या माणसांना एका बाईकडून राजकीय कैद्यांबद्दल प्रश्न ऐकायची सवय नव्हती. तुम्हाला ना लोकांनी निवडलं, ना सिनेटने मान्यता दिली, मग कोणत्या अधिकाराने तुम्ही धोरणांवर बोलता, असं एका वार्ताहराने वाटेत विचारलं. त्यांचं उत्तर शांत होतं: राष्ट्राध्यक्षांच्या सर्वांत जवळची व्यक्ती मी आहे, आणि त्यांचं धोरण मी समजावून सांगू शकत असेन तर सांगणार. ब्राझीलमध्ये रेसिफे इथे पोलिसांनी डांबून ठेवलेल्या दोन अमेरिकी धर्मसेवकांना त्या जाहीरपणे भेटल्या. यजमान लष्करशहांना ते आवडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक भेटीनंतर त्या वॉशिंग्टनला सविस्तर अहवाल पाठवत. तरी असा धोरणात्मक दौरा त्यांनी पुन्हा केला नाही. टीकेची किंमत सरकारला द्यावी लागत होती.

१९७९च्या नोव्हेंबरात त्या थायलंडच्या सीमेवर साकेओच्या छावणीत गेल्या. ख्मेर रूज राजवटीच्या संहारातून आणि दुष्काळातून वाचलेली कंबोडियन माणसं तिथे जमिनीवर पडली होती. परत आल्यावर त्यांनी मदतीच्या कामाला जोर लावला. अमेरिकेत आणि संयुक्त राष्ट्रांत त्यांच्या शब्दाला वजन होतं, ते त्यांनी तिथे वापरलं.

मुख्य काम मात्र चालूच होतं. ७ फेब्रुवारी १९७९ रोजी त्या सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला बसल्या. काँग्रेसच्या समितीसमोर अशी साक्ष देणाऱ्या, एलिनॉर रूझवेल्ट यांच्यानंतरच्या, त्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षपत्नी. ७ ऑक्टोबर १९८० रोजी मानसिक आरोग्य यंत्रणा कायद्यावर सही झाली: गावोगावच्या उपचार केंद्रांना केंद्राचा पैसा, दीर्घकाळ आजारी असलेल्यांसाठी, मुलांसाठी, वृद्धांसाठी विशेष सोयी, रुग्णांच्या हक्कांची दखल. गिरणीच्या दारात सुरू झालेल्या चौदा वर्षांच्या कामाचं ते फळ होतं.

४ नोव्हेंबरला कार्टर निवडणूक हरले. तेहरानमध्ये ओलीस धरलेली अमेरिकी माणसं सुटेनात म्हणून जिमी बरेच महिने व्हाइट हाउस सोडत नव्हते आणि त्या काळात प्रचार मुख्यतः रोझलिन यांनीच रेटला होता. हरल्यावर जिमी म्हणाले, माझ्या मनात कटुता नाही. रोझलिन म्हणाल्या, दोघांना पुरेल इतकी माझ्या मनात आहे. १९८१च्या ऑगस्टमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या अर्थसंकल्पी कायद्याने मानसिक आरोग्याचा तो कायदा जवळजवळ पुसून टाकला. पैसा ठोक अनुदान म्हणून राज्यांकडे गेला आणि कमीही झाला. ज्या मोठ्या रुग्णालयांचे दरवाजे उघडले जात होते, तिथून बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी बाहेर पुरेशी केंद्रं उभी राहिलीच नाहीत. अमेरिकेच्या शहरांत फुटपाथवर आणि तुरुंगांत आज जे मानसिक रुग्ण दिसतात, त्यांच्या हालांची कारणं अनेक आहेत. हा पुसलेला कायदा त्यांपैकी एक, असं मला ठामपणे वाटतं.

*

प्लेन्सला परत आले तेव्हा वखार कर्जात बुडालेली होती, ती विकावी लागली. रोझलिन तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. पुढची चार दशकं त्यांनी जे केलं, ते पद गेल्यावर केलेलं म्हणून मला जास्त मोलाचं वाटतं.

१९८२मध्ये दोघांनी मिळून अटलांटात कार्टर सेंटर काढलं. १९८५पासून रोझलिन तिथे मानसिक आरोग्य धोरणावर दरवर्षी परिषद भरवू लागल्या. १९९६ साली त्यांनी मानसिक आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती सुरू केली. बातमीदार आयोगाकडे फिरकले नव्हते, म्हणून त्यांना हा विषय शिकवायचाच, असं त्यांनी ठरवलं. १९८७ साली त्यांच्याच जुन्या कॉलेजात घरच्या आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी संस्था उभी राहिली. आयुष्यात प्रत्येकावर एकदा तरी काळजी घ्यायची किंवा करून घ्यायची वेळ येतेच, हे त्या तिथे वारंवार सांगत. तेराव्या वर्षी वडिलांच्या खाटेपाशी बसलेल्या मुलीला ते सांगायला आकडेवारी लागत नव्हती.

त्याच वर्षी नवरा-बायकोने मिळून एक पुस्तक लिहिलं आणि त्यापायी संसार मोडायची वेळ आली. एकच आठवण दोघांना दोन तऱ्हेने आठवे. शेवटी वादाच्या परिच्छेदांवर 'जे' आणि 'आर' अशी अक्षरं टाकून तोडगा काढला.

१९८४पासून दोघं वर्षातला एक आठवडा 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'साठी हातात हातोडी घेऊन घरं बांधायला जात. २००६च्या ऑक्टोबरअखेर ते लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात आले. जिमी ब्याऐंशी वर्षांचे, रोझलिन एकोणऐंशीच्या. देशोदेशींचे स्वयंसेवक आणि घर मिळणारी कुटुंबं यांनी मिळून आठवड्याभरात शंभर घरांचं काम अंगावर घेतलं. लिलियन विक्रोळीत राबायला आल्या त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत होती. सून घाटावर विटांपाशी उभी होती.

सर्वांत चिकाटीची लढाई विम्याची. हृदयविकाराला विमा पैसे देतो आणि स्किझोफ्रेनियाला हात आखडतो. गिरणीतल्या त्या आईचा प्रश्न शेवटी हाच होता. २००७ साली रोझलिन पुन्हा काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बसल्या. २००८ साली कायदा झाला: विमा योजनेत मानसिक आजाराला संरक्षण असेल तर त्याच्या अटी शारीरिक आजारापेक्षा कडक ठेवता येणार नाहीत. अंतिम नियम यायला आणखी पाच वर्षं लागली आणि २०१३च्या नोव्हेंबरात आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी ते जाहीर केले ते अटलांटाला, रोझलिन यांच्याच परिषदेत. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या एकविसाव्या कलमात विमा कंपन्यांवर असंच बंधन आलं आहे. ते पाळलं जातं का, हे आपल्याकडच्या रुग्णांच्या घरच्यांना विचारावं.

२०२३च्या मे महिन्यात कार्टर कुटुंबाने जाहीर केलं की रोझलिन यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. हे लपवता आलं असतं. ज्या बाईने आयुष्यभर मनाच्या आजाराला लागलेला कलंक पुसायचा प्रयत्न केला, तिच्या घराने तिचा आजार झाकायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी प्लेन्समधल्या राहत्या घरी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. तेरा महिन्यांनी जिमी गेले.

विम्याची लढाई मात्र चालूच आहे. कंपन्यांनी पळवाटा काढल्या: मानसोपचारतज्ज्ञांची यादी दाखवायची आणि यादीतल्या कुणाकडेच जागा नसायची, प्रत्येक भेटीला आधी परवानगी मागायला लावायची. या पळवाटा बुजवण्यासाठी सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकी सरकारने नवे नियम काढले. मे २०२५मध्ये नव्या सरकारने त्यांची अंमलबजावणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. कार्टर सेंटरच्या पाठ्यवृत्तीवर तयार झालेले पत्रकार आता या विषयाच्या बातम्या देतात.